व्हिनेगर सौम्य ॲसिड, मग टायट्रेशनला सोडा एचसीएलइतकाच कसा लागतो?

गच्चीवरची_बाग
नमस्कार मंडळी. माझी भाची बारावी सायन्सला आहे, शिकायला माझ्याकडेच राहते. परवा प्रॅक्टिकल करून आली ती चेहरा पाडूनच. टायट्रेशन होतं, म्हणजे ॲसिडात थेंब थेंब सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून ॲसिड संपायला तो किती लागतो ते मोजायचं. झालं असं की ०.१ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती घातलंय त्याचं माप) एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, १० मिली घेतलं त्याला ०.१ मोलर सोडा १० मिली लागला, बरोबर. मग तेवढंच आणि तितक्याच मोलरचं ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं) घेतलं तर त्यालाही १० मिलीच लागलं. आता पुस्तकात तर लिहिलंय की एचसीएल तीव्र, पाण्यात सगळं फुटतं (म्हणजे त्याचे चार्ज असलेले तुकडे, आयन, होतात), आणि ॲसेटिक सौम्य, शंभरातले जेमतेम १.३ रेणू फुटतात. मग सोडा पण ०.१३ मिलीच पुरायला हवा होता ना, हा तिचा प्रश्न, आणि मला तो अगदी रास्त वाटला. तिथे विचारलं तर उत्तर मिळालं की सूत्र पाठ कर, पेपरात हे विचारत नाहीत. मी कॉमर्सची, मला सांगता येईना. कुणी समजावून सांगेल का, पण सूत्र सांगून नको, डोक्यात बसेल असं.

माळावरचा_वारा
ताई, मला वाटतं सौम्य म्हणजे पाणी घातलेलं. व्हिनेगर पातळ असतं म्हणून ते सौम्य. तुमच्या भाचीने दोन्ही एकाच ताकदीचं घेतलं म्हणून सारखा सोडा लागला असणार.

ब्युरेट
वारा साहेब, इथेच बहुतेकांची गाडी घसरते म्हणून आधी हे सांगतो. मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर आहे. आपण चहा स्ट्राँग म्हणतो तेव्हा पावडर जास्त असं म्हणायचं असतं. ॲसिडचं स्ट्राँग त्यातलं नाही. पाण्यात किती ॲसिड घातलं ते वेगळं, त्याला आपल्या मराठी पुस्तकात संहत आणि विरल असे शब्द आहेत, आणि घातलेल्यापैकी किती फुटून बसलंय ते वेगळं, त्याला तीव्र आणि सौम्य. एचसीएल बादलीभर पाण्यात थेंबभर टाका, ते विरल झालं पण आहे तीव्रच. शंभर टक्के ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घ्या, कातडी भाजेल, पण आहे सौम्यच. मराठी मीडियमच्या मुलांना नववीपर्यंत हे चार शब्द स्वच्छ माहीत असतात, मग अकरावीला सगळं इंग्रजीत येतं आणि दोन जोड्या एकमेकीत मिसळतात. शिवाय केमिकल इक्विलिब्रियम हा धडा अकरावीला आणि आयोनिक इक्विलिब्रियम बारावीला, मध्ये एक मे महिना, त्यामुळे दोन्ही एकच गोष्ट आहे हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

आता भाचीचा प्रश्न. प्रश्न फार चांगला आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

गावातलं वाचनालय घ्या. पुस्तकं १०००. ॲसेटिक ॲसिडचं वाचनालय असं आहे की कधीही जाऊन रजिस्टर बघा, १३ पुस्तकं बाहेर आणि ९८७ कपाटात. तीच तेरा नाहीत हां, सकाळी काही परत आली, दुपारी दुसरी गेली, दिवसभर ये-जा चालूच, पण आकडा १३. याला इक्विलिब्रियम, समतोल, म्हणायचं. थांबलेलं काहीच नाही, जाणारी आणि येणारी सारखी आहेत एवढंच. बाहेर असलेलं पुस्तक म्हणजे सुटलेला प्रोटॉन, एच-प्लस. आणि एचसीएलचं वाचनालय म्हणजे कपाटं रिकामी, हजारच्या हजार बाहेर.

आता सोडा आला. सोडा काय करतो, बाहेर दिसलेलं पुस्तक उचलतो आणि कायमचं घेऊन जातो, कारण हायड्रॉक्साइडला प्रोटॉन मिळाला की त्याचं पाणी होतं आणि ते पाणी तो प्रोटॉन सोडायला जवळजवळ तयारच नसतं. ॲसेटिकची बाहेरची तेरा गेली. परत येणारं कुणी उरलं नाही, पण जाणं तर चालूच आहे, म्हणून कपाटातून आणखी निघाली. तीही सोड्याने नेली. असं कपाट रिकामं होईपर्यंत चालतं. शेवटी सोड्याने नेली किती? हजार. एचसीएलकडूनही हजार. म्हणून दोन्हीकडे १० मिली.

म्हणजे टायट्रेशन वाचनालयात एकूण पुस्तकं किती ते मोजतं. या क्षणी बाहेर किती आहेत ते पीएच सांगतो (आकडा जितका लहान तितकी बाहेर जास्त). आणि केए हा आकडा म्हणजे त्या वाचनालयाचा स्वभाव, पुस्तकं किती सहज बाहेर पडतात तो. ॲसेटिकचा केए २५ अंशाला १.८ × १०^-५. तीव्र-सौम्य हा शब्द फक्त या स्वभावाबद्दल आहे.

गच्चीवरची_बाग
सर, काय सांगू, मला सुद्धा कळलं! भाचीला वाचून दाखवलं, ती पाच मिनिटं गप्पच बसली आणि मग म्हणाली की मग तर एचसीएल आणि ॲसेटिकमध्ये मॅग्नेशियमची पट्टी टाकली तर शेवटी हायड्रोजनही सारखाच निघायला पाहिजे. बरोबर आहे का ते? आणि अजून एक, तिच्या पार्टनरने फिनॉल्फ्थॅलीनच्या ऐवजी चुकून मिथिल ऑरेंज टाकलं होतं ॲसेटिकमध्ये (दोन्ही रंग बदलून टायट्रेशन संपलं ते दाखवणारी), तर त्याचा रंग ३ मिलीच्या आसपासच पिवळा झाला, तोही एकदम नाही, हळूहळू लाल नारिंगी पिवळा असा. एचसीएलला तेच मिथिल ऑरेंज १० मिलीला बरोबर पलटलं. त्याला ओरडा बसला, पण असं झालं का ते कुणी सांगितलं नाही.

ब्युरेट
मॅग्नेशियमचं शंभर टक्के बरोबर. दोन परीक्षानळ्या, दोन्हीत सारखंच ॲसिड आणि दोन्हीत पुरून उरेल इतकी पट्टी, तोंडाला फुगे. एचसीएलचा फुगा बघता बघता फुगेल, व्हिनेगरचा रेंगाळत फुगेल, पण शेवटी दोन्ही सारखे. वेग वेगळा, कारण एका क्षणी बाहेर असलेली पुस्तकं वेगळी.

मिथिल ऑरेंजचं मी खास वर्गात मुद्दाम करून दाखवायचो, त्या पोराला ओरडायला नको होतं. ते ३.१ पासून ४.४ पीएचपर्यंत लालचं पिवळं होतं. ॲसेटिकचा पीकेए (केएच पीएचच्या मापात लिहिलेला, लहान तितकं ॲसिड तीव्र) ४.७६. तुम्ही ३ मिली सोडा घातला म्हणजे १००० पैकी ३०० पुस्तकं गेली आणि कपाटात ३०० जागा रिकाम्या झाल्या (रिकामी जागा म्हणजे ॲसिटेट आयन). जितक्या रिकाम्या जागा जास्त तितकं पुस्तक चटकन परत ठेवलं जातं, म्हणून बाहेरचा आकडा १३ राहात नाही, धाडकन उतरतो. हिशोब केला तर ३ मिलीला पीएच ४.३९ येतो. मिथिल ऑरेंज तिथे पिवळं होऊन मोकळं, आणि इकडे ७० टक्के ॲसिड अजून कपाटात. सगळं संपतं तेव्हा द्रावणात नुसतं सोडियम ॲसिटेट उरतं, त्याचा पीएच ८.७ च्या आसपास, म्हणून तिथे पलटणारं फिनॉल्फ्थॅलीन लागतं.

दर्यावर्दी
सर एक शंका, मी इंजिनिअर आहे केमिस्ट्री विसरलोय. ७ ला का नाही संपत? न्यूट्रल झालं म्हणजे ७ ना?

ब्युरेट
रिकामं कपाट पुस्तकं मागतंच ना. ॲसिटेटला प्रोटॉन हवा असतो, दुसरं कुणी नाही तर तो पाण्याकडून घेतो, अगदी थोडा, पण त्यामुळे हायड्रॉक्साइड शिल्लक राहतं. क्लोराइड तसं मागत नाही म्हणून एचसीएलचं ७ ला संपतं. ॲसिड जितकं सौम्य तितका त्याचा जोडीदार बेस (प्रोटॉन घेणारा) तगडा, ॲसिडचा केए आणि बेसचा तसाच आकडा केबी यांचा गुणाकार २५ अंशाला कायम १०^-१४. यात एक काळजी घ्यायची, सौम्य ॲसिडचा जोडीदार लगेच तीव्र बेस होतो असं मुलं लिहितात ते चूक. ॲसिटेटचा केबी ५.६ × १०^-१०, म्हणजे तोही सौम्यच, फक्त क्लोराइडपेक्षा खूप वरचा.

माळावरचा_वारा
माझी चूक कळली सर, धन्यवाद. मग पाणी घातल्याने तीव्रतेवर काहीच फरक पडत नाही ना?

ब्युरेट
केए बदलत नाही. पण फुटण्याचं प्रमाण वाढतं, हे ऐकून मुलांना धक्का बसतो. ०.१ मोलरला १.३ टक्के, ०.०१ ला ४.२ टक्के, ०.००१ ला साडेबारा टक्के. वाचक लांब लांब राहायला गेले की पुस्तक परत यायला वेळ लागतो, तसं पाणी वाढलं की सुटलेला प्रोटॉन आणि ॲसिटेट यांची गाठ कमी पडते, परतीचा रस्ता मंदावतो आणि बाहेरचा वाटा वाढतो. टक्का वाढला तरी एकूण पुस्तकंच लिटरमागे कमी झाली म्हणून आंबटपणा उतरतो, पीएच २.९, मग ३.४, मग ३.९.

दर्यावर्दी
हे १.३ टक्के मोजलं कुणी, आणि कसं? रेणू तर दिसत नाहीत.

ब्युरेट
वीज सोडून. आयन असतील तर द्रावणातून वीज जाते. स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात मांडलं की मीठ, ॲसिड वगैरे पाण्यात आयन होऊन राहतात, त्या प्रबंधाला विद्यापीठाने खालचा दर्जा दिला होता आणि पुढे १९०३ ला त्यालाच नोबेल. ओस्टवाल्डने १८८८ मध्ये हेच समतोलाच्या नियमात बसवलं. ॲसेटिकची मोलर कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) ०.१ मोलरला ५.२, आणि सगळं फुटलं असतं तर ३९०.७ आली असती. भागाकार करा, १.३३ टक्के.

तारापूर_शिफ्ट_बी
छान धागा. पण एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. मी केमिकल प्लँटला सेफ्टीला आहे. सौम्य ॲसिड हा शब्द ऐकून माणसं बेसावध होतात. हायड्रोफ्लोरिक ॲसिड, एचएफ, पुस्तकात सौम्य गटात, पीकेए ३.१७, ०.१ मोलरला ८ टक्केच फुटतं. आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त भीती त्याचीच. एकदा एका कंत्राटी कामगाराच्या ग्लोव्हला बारीक छिद्र होतं, पातळ एचएफ लागलं, त्याला काही जाणवलं नाही, तो काम करत राहिला. रात्री घरी गेल्यावर बोट असं ठणकायला लागलं की तो रडायला लागला. एचसीएल लागलं तर लगेच झोंबतं, माणूस धावत नळाखाली जातो. एचएफ न फुटलेल्या रेणूच्या रूपात कातडीतून आत शिरतं, आत जाऊन फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून आमच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कायम हाताशी. भरपूर पाणी, मग जेल, आणि ताबडतोब दवाखाना. त्या मुलाचं बोट वाचलं, पण उशीर झालाच होता. सौम्य म्हणजे निरुपद्रवी असं कुणाला शिकवू नका प्लीज.

ब्युरेट
फार मोलाचं लिहिलंत. आणि एचएफ सौम्य का, तर एच आणि एफ यांची गाठच पक्की, ती तोडायला मोलला ५६५ किलोज्यूलच्या घरात ऊर्जा लागते, एचसीएलला ४३१, एचआयला ३०० च्या आत. म्हणून एचएफ, एचसीएल, एचबीआर, एचआय असं खाली जावं तसं ॲसिड तीव्र होत जातं, फ्लोरिन इलेक्ट्रॉन सर्वात जास्त ओढतो तरीही. मुलं इथे हमखास उलटं लिहितात.

आगळ_आणि_सोलं
मी कुडाळकडची. आमचा घरगुती अमृत कोकम आणि सरबतांचा व्यवसाय आहे, शिफ्ट बी यांनी ते न फुटलेला रेणू आत शिरतो म्हटलं आणि माझी ट्यूब पेटली, म्हणून लिहितेय. आम्ही कोकमाच्या सिरपला सोडियम बेंझोएट घालतो, वर्षभर टिकतं. दोन वर्षांपूर्वी शहाळ्याचं पाणी बाटलीत भरून बघितलं, बेंझोएट तेवढंच मापाने, झाकणं तशीच घट्ट. चौथ्या दिवशी बाटल्यांचे तळ फुगून गोल झाले, खोक्यात नीट उभ्या राहीनात, एक उघडली तर फस्सकन फेस आणि ताडीसारखा वास. चाळीस बाटल्या ओतल्या. पावडर जुनी असेल म्हणून दुकानदाराशी भांडले मी. नंतर ट्रेनिंगला कळलं की बेंझोएट आंबट पदार्थातच चालतं, पण का ते काही कळलं नव्हतं. त्याचं कारण हेच का?

ब्युरेट
हेच, आणि याहून चांगलं उदाहरण मला २६ वर्षांत मिळालं नव्हतं. बेंझोइक ॲसिडचा पीकेए ४.२. बुरशी आणि यीस्टच्या पेशीत शिरतो तो अख्खा रेणू, त्यावर चार्ज नसतो म्हणून पेशीच्या पडद्यातून जातो, बेंझोएट आयन बाहेरच अडकतो. तुम्ही पावडर आयनाची घालता, कारण ती पाण्यात विरघळते. कोकमाच्या सिरपचा पीएच किती असतो तुमच्या?

आगळ_आणि_सोलं
पट्टीवर ३ च्या जरा वर. शहाळ्याचं ५ च्या पुढे होतं.

ब्युरेट
मग बघा. पीएच ३.२ म्हणजे पीकेएपेक्षा एक खाली, शंभरातले ९१ रेणू अख्खे, कामाला लागलेले. ५.२ म्हणजे एक वर, ९ अख्खे आणि ९१ आयन होऊन बाहेर बसलेले. तुम्ही पावडर सारखीच घातलीत, पण शहाळ्यात तिचा दहावा भाग सुद्धा लढला नाही. पावडर जुनी नव्हती.

आगळ_आणि_सोलं
बाई गं. म्हणजे त्या दुकानदाराची माफी मागायला हवी, आता बाजाराला गेले की पहिलं तेच करते.

वेर्णा_क्यूसी
फार्मा क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासणी) आहे गोव्यात, रोजचंच काम म्हणून दोन शब्द. सगळे तीव्र ॲसिड सारखेच तीव्र असं वाटतं ते फक्त पाण्यामुळे. एचसीएल, नायट्रिक, परक्लोरिक, पाण्यात टाकलं की पाणी सगळ्यांचा प्रोटॉन काढून घेतं, सगळ्यांचं एच३ओ-प्लस होतं, फरक दिसणार कुठून. पाण्याऐवजी ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घेतलं की ते प्रोटॉन घ्यायला इतकं राजी नसतं, मग परक्लोरिक पुढे आणि एचसीएल, नायट्रिक मागे राहतात. आम्ही त्याचाच फायदा घेतो. कितीतरी औषधं इतकी सौम्य बेस असतात की पाण्यात टायट्रेशनला एंड पॉइंटच धड मिळत नाही. तेच ग्लेशियल ॲसेटिकमध्ये विरघळवून ०.१ मोलर परक्लोरिकने टायट्रेट केलं की सौम्य बेसही तगडा वागतो, क्रिस्टल व्हायोलेट जांभळ्याचं निळं होऊन हिरव्याकडे झुकतं तिथे थांबायचं. पाण्याचा अंश चालत नाही, परक्लोरिक बनवताना ॲसेटिक ॲनहायड्राइड घालून तो मारून टाकतो. पावसाळ्यात तर भांडी कोरडी करण्यातच निम्मा जीव जातो.

दर्यावर्दी
म्हणजे तीव्र-सौम्य हे एकट्या ॲसिडचं नसतंच, समोर कोण आहे त्यावर आहे?

वेर्णा_क्यूसी
अगदी. ॲसिड आणि सॉल्व्हंट (ज्यात ते विरघळवलं तो द्रव) यांची प्रोटॉनसाठी रस्सीखेच आहे ती. १९२३ ला ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे हेच मांडलं, ॲसिड देणारा, बेस घेणारा, आणि घेणारा नसेल तर देणाऱ्याला अर्थ नाही.

हळदीचा_डाग
बेसबद्दल कुणीच लिहिलं नाही. चुना तीव्र की सौम्य? पाण्यात तर फारसा विरघळत नाही.

ब्युरेट
तीव्र. विरघळतो कमी, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम फक्त, पण जो विरघळतो तो सगळा फुटतो. चुन्याच्या निवळीचा पीएच १२.४ पर्यंत जातो. हळद लावून बघा, कुंकवासारखी लाल होईल. उलट अमोनिया पाण्यात वाटेल तितका विरघळतो आणि तरी सौम्य, केबी १.८ × १०^-५, योगायोगाने ॲसेटिकच्या केएइतकाच. विरघळणं आणि फुटणं हे दोन वेगळे समतोल आहेत.

हळदीचा_डाग
चुन्यावरून विचारते. माझे सासरे तंबाखूला चुना लावून मळतात. चुन्याशिवाय लागत नाही म्हणतात. यात पण हेच आहे का?

तारापूर_शिफ्ट_बी
ताई हो, दुर्दैवाने हेच. निकोटिन सौम्य बेस आहे, पीकेए ८ च्या आसपास, म्हणजे त्या पीएचला निम्मे रेणू मोकळे. लाळेचा पीएच साधारण ७, तिथे दहातला जेमतेम एक रेणू चार्जशिवाय मोकळा असतो. चुन्याने तोंडात पीएच ९ झाला तर दहातले नऊ मोकळे, आणि मोकळा रेणू गालाच्या आतल्या कातडीतून सरळ रक्तात. म्हणून चिमूट तीच, पण किक जास्त. त्यातच चुना आतली कातडी भाजतो ते वेगळंच. आमच्या शिफ्टमध्ये दोघांचं तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही. सासऱ्यांना एकदा तोंडाची तपासणी करून आणा, पांढरा चट्टा आहे का तेवढं तरी बघून घ्या.

हळदीचा_डाग
सोमवारी नेते. खरंच धन्यवाद.

गच्चीवरची_बाग
काल भाची लॅबला होती. सर, मी तुम्हाला न विचारता तिला सांगितलं होतं की अर्ध्यावर काय होतं ते बघ. तिने आधी वहीत लिहून ठेवलं, ५०० पुस्तकं आणि ५०० रिकाम्या जागा, दोन्ही सारखे म्हणजे केएच्या सूत्रात ते एकमेकांना कटतात आणि पीएच बरोबर पीकेएइतका, ४.७६. मग ५ मिली सोडा घालून पीएच मीटर बुडवला. आधी ४.६ दाखवत हलत होता, इलेक्ट्रोड धुऊन परत बुडवला, ४.७४ वर थांबला. त्या मिथिल ऑरेंजवाल्या पार्टनरने फोटो काढून मला पाठवलाय.

ब्युरेट
४.७४! वहीचं ते पान फाडू नको म्हणावं. आता फॉर्मिक ॲसिड असेल लॅबमध्ये तर तेच कर, मीटर लावायच्या आधी आकडा लिहून ठेव.

गच्चीवरची_बाग
३.७५ लिहिलंय तिने. शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे.